वीस मिनिटांच्या आत धावलेलं फुकट? छे!

"पहिली वीस मिनिटं शरीर नुसती साखर जाळतं, चरबीला हात लागतो तो नंतर. मग जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं धावून काय मिळणार?" नरिमन पॉइंटच्या ऑफिसांत डबा उघडला की हे लोणच्यासारखं हमखास निघतं.

शरीरात असा काही खटका नसतो. साखर आणि चरबी दोन्ही पहिल्यापासूनच जळतात. वेग आणि वेळेनुसार फक्त प्रमाण बदलतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत व्यायाम सलग किमान १० मिनिटांचा हवा अशी अट होती, २०२० मध्ये तीही गेली. प्रौढांसाठी आठवड्याला ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम पुरतो. पंधरा पंचे पंचाहत्तर!

मुंबईत खरी अडचण घामाची. दमट हवेत तो वाळतच नाही, म्हणून अंग निवत नाही. ऑक्टोबरच्या दुपारी मी मरीन ड्राइव्हचा उघडा कट्टा सोडून ओव्हल मैदानाच्या कडेची झाडांची सावली धरतो, तीही रमतगमत. डबा खातो तो परत आल्यावर. खुर्चीच्या पाठीवर वाळणाऱ्या टी-शर्टाबद्दल मात्र शेजारच्या टेबलाची तक्रार रास्त आहे.