मुष्टिफंड ते ठेव : साताऱ्यातील विद्यार्थ्यांमागची लोकवर्गणी

साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ २०२१ मध्ये स्थापन झाले. छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स या तीन महाविद्यालयांचे हे समूह विद्यापीठ, कायद्याने राज्याचे सार्वजनिक विद्यापीठ. पण तिन्ही महाविद्यालये रयत शिक्षण संस्थेची, आणि रयत वाढली ती गावोगावच्या धान्यावर. आजचा देणगीदार बहुधा आधी इमारतीचा विषय काढतो. इथल्या दानाची सुरुवात मात्र मुलाच्या ताटापासून झाली होती.

रयतचे संस्थापक भाऊराव पाटील हे किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी फिरत. आसपास शाळा असूनही पोटापायी मुले शिकत नाहीत, हे त्यांना या फिरतीत दिसले. सांगली जिल्ह्यातल्या दूधगावच्या विद्यार्थी आश्रमात वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र ठेवण्याचा प्रयोग रयतच्या आधीच झाला होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. इथल्या वसतिगृहाला २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले.

त्या काळच्या मुष्टिफंडाची रीत साधी होती. दळायला बसण्याआधी घरच्या बाईने मूठभर जोंधळा वेगळ्या मडक्यात टाकायचा आणि वसतिगृहाच्या माणसाने तो ठरल्या दिवशी घेऊन जायचा. मूठ ५० ते ६० ग्रॅमची धरली, तर एका घराचे महिन्याला दीड-पावणेदोन किलो होतात, शंभर घरांचे दीड क्विंटलच्या वर. भाकरीवर राहणाऱ्या वाढत्या मुलाला दिवसाला अर्धा किलो धान्य लागते. म्हणजे शंभर उंबऱ्यांवर दहा मुले जगतात. यात दोन ठिकाणी घोटाळा व्हायचा धोका असतो. गोळा करणारा दोन आठवडे फिरकला नाही, की टंचाईत मडक्यातली ज्वारी घरातच दळली जाते. शिवाय तेल, मीठ, घासलेट धान्याने येत नाही, त्याला रोकड हवी. ही रोकडीची खिंड भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी लढवली. अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या जेवणासाठी दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. साताऱ्यातल्या कोणत्याही देणगीचा इतिहास लिहायचा, तर पहिली नोंद त्यांचीच हवी.

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतचे वाक्य याच गरजेतून आले. १९४७ मध्ये शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा व शिका’ ही पद्धत महाविद्यालयात रुजली. सातारा, सांगली, कोल्हापूरसह दक्षिण महाराष्ट्रासाठी १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले. पुढे तिथेही ही योजना आली. यात समाजाचा वाटा कामाच्या रूपाने येतो. दिवसाला दोन-तीन तासांचे, मोजता येणारे आणि तासिकांच्या आड न येणारे काम हवे. ग्रंथालय, बाग, प्रयोगशाळा यांत ते सापडते. विद्यार्थ्याला नुसते खुर्च्या उचलायला लावले, की योजना कागदावर उरते.

पुढचा टप्पा ठेवींचा. आईवडिलांच्या नावे रक्कम ठेवायची आणि व्याजातून पारितोषिक द्यायचे. व्याज दहा टक्के असताना ५,००० रुपयांच्या ठेवीवर वर्षाला ५०० रुपये येत. दर सात टक्क्यांवर आला की हातात ३५० पडतात, आणि मधल्या काळात महागाईने त्यांची किंमतही खाल्लेली असते. म्हणून दानपत्रात चार गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात : व्याजाचा ठरावीक भाग, समजा पाचवा हिस्सा, मुद्दलात परत जाईल, पात्र विद्यार्थी न मिळाल्यास पैसे कुठे वळवायचे, निवड कोण करणार, आणि काही वर्षांनी अटी बदलण्याचा अधिकार कोणाला. ‘अमुक गावची, अमुक विषयात पहिली आलेली मुलगी’ अशी अरुंद अट असली, तर रक्कम वर्षानुवर्षे पडून राहते. देणगीदार हयात असताना हे बोलायला संकोच वाटतो, पण नंतर बोलायला कोणी उरत नाही.

कंपन्यांचा पैसा २०१४ नंतर आला. कंपनी कायद्याप्रमाणे वर्षाला पाच कोटी नफा असलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. या पैशाला घाई असते. मार्चअखेर जवळ आली की कंपनीला यंत्र किंवा फलक हवा असतो, पण त्या यंत्राची पुढच्या वर्षीची दुरुस्ती करारात नसते. ती मागून घ्यावी. व्यक्तिगत देणगीदाराला करसवलत हवी असेल, तर २,००० रुपयांवरची रक्कम रोखीने देऊ नये, सवलत जाते.

सरकारी बाजूही पाहावी. ‘रूसा’ या केंद्राच्या उच्च शिक्षण योजनेत समूह विद्यापीठाला ५५ कोटींची तरतूद होती, केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. हा निधी बांधकाम आणि उपकरणांचा. खानावळीचे बिल त्यात बसत नाही. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती जर परीक्षेचे शुल्क भरायची तारीख उलटल्यावर आली, तर मधले दोन-तीन महिने विद्यार्थ्याने काढायचे कसे? आमच्या मते देणगीचा सर्वांत चांगला उपयोग इथे आहे : शिष्यवृत्ती आल्यावर परत भरायचा छोटा फिरता निधी, ज्याला नावाची पाटी नसते.

नव्या अभ्यासक्रमात कामावरचे प्रशिक्षण आले आहे. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. तिथे पैशापेक्षा एमआयडीसीतल्या कारखान्यातला एक जबाबदार माणूस जास्त मोलाचा. हजेरीवर नुसती सही देणारा भागीदार नको. दररोज काय शिकवणार, याचा एक पानी आराखडा आधी घ्यावा. आणि प्रवासखर्च धरावा. एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे. पदवीला आल्यावर भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. माण किंवा जावळी तालुक्यातून रोज येणाऱ्या मुलीला ती रक्कम पास काढायच्या दिवशीच लागते.