आठ लाखांपर्यंत उत्पन्न आणि शैक्षणिक कर्ज: पीएम विद्यालक्ष्मीची पात्रता, कागदपत्रे आणि तिजोरीवरचा भार

बारावीचा किंवा सीईटीचा निकाल लागला की घराघरात दोन प्रश्न येतात: प्रवेश कुठे मिळणार, आणि पैसे कुठून आणायचे. दुसऱ्या प्रश्नावर केंद्र सरकारने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळात मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना हे एक उत्तर आहे. या योजनेबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करायला हवा. कर्ज मंजूर झाले म्हणजे व्याजाची सवलतही मिळाली, असे नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची पात्रता वेगळी आहे आणि सवलतीसाठी अर्जही स्वतंत्र करावा लागतो. सरकारने कर्जाचा दरवाजा बराच रुंद केला, व्याज सवलतीचा मात्र मोजूनमापून उघडला. असे का, हे खर्चाचे आकडे पाहिल्यावर कळते. त्या आकड्यांकडे नंतर वळू, आधी पात्रता पाहू.

कोणाला काय मिळते

योजनेत सुरुवातीला देशातल्या निवडक ८६० उच्च शिक्षण संस्था धरल्या होत्या. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षण संस्थांच्या क्रमवारीत एकूण, गटवार किंवा विषयवार पहिल्या शंभरात असलेल्या संस्था, १०१ ते २०० क्रमांकांतल्या राज्य सरकारच्या संस्था आणि केंद्र सरकारच्या सगळ्या संस्था असा हा निकष आहे. ही यादी दरवर्षी नव्या क्रमवारीनुसार ठरते. आपल्याकडची उदाहरणे द्यायची तर आयआयटी मुंबई, नागपूरचे व्हीएनआयटी, पुण्याचे आयसर, आयआयएम नागपूर, गोव्यातले आयआयटी आणि एनआयटी. परदेशातली विद्यापीठे यात नाहीत. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेला प्रवेशही चालत नाही. प्रवेश गुणवत्तेवर किंवा प्रवेश परीक्षेतून मिळालेला हवा.

या संस्थांत प्रवेश मिळालेल्या कोणालाही, घरचे उत्पन्न कितीही असो, तारण आणि जामीनदार यांच्याशिवाय कर्ज मागता येते. शिक्षण शुल्काबरोबर शिक्षणाशी निगडित इतर खर्चही कर्जात धरता येतो. कर्ज ७.५ लाखांपर्यंत असेल तर थकीत रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी केंद्र सरकार बँकेला देते. पोरीच्या इंजिनिअरिंगसाठी शेत किंवा घर गहाण टाकावे लागू नये, हा या तरतुदीचा खरा अर्थ आहे आणि म्हणूनच ती मला फार मोलाची वाटते.

व्याजाची सवलत उत्पन्नावर ठरते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सरकार भरते, तेही फक्त सवलतीच्या काळात, म्हणजे अभ्यासक्रम चालू असताना आणि तो संपल्यानंतरचे एक वर्ष. उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर त्याच काळातले सगळे व्याज सरकार भरते. ही दुसरी सोय २००९ पासून चालत आलेल्या जुन्या व्याज अनुदान योजनेची आहे. ती आता पीएम उच्चतर शिक्षा प्रोत्साहन या नावाखाली चालते. म्हणजे नवी वाढ झाली ती साडेचार ते आठ लाखांच्या पट्ट्यात. शिक्षक, क्लार्क, छोटे दुकानदार, एसटीतले कर्मचारी अशी बरीच कुटुंबे या पट्ट्यात येतात. ती आजवर ना गरिबांच्या योजनेत बसत होती ना स्वतःच्या हिमतीवर फी भरू शकत होती.

इतर कोणती सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज अनुदान घेत असाल तर ही ३ टक्क्यांची सवलत मिळत नाही. उदाहरणार्थ, इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाच्या व्याज परतावा योजनेचा लाभ सुरू असेल, तर दोन्ही एकदम घेता येणार नाहीत. शिक्षण मध्येच सोडले किंवा शिस्तभंगासाठी काढून टाकले गेले तरी सवलत थांबते.

आता तिजोरीचा हिशोब

या योजनेसाठी २०२४-२५ ते २०३०-३१ या सात वर्षांकरिता ३,६०० कोटी रुपये ठेवले आहेत. व्याज सवलत वर्षाला एक लाख नव्या विद्यार्थ्यांना, म्हणजे सात वर्षांत सात लाखांना मिळेल. ढोबळ भागाकार केला तर एका विद्यार्थ्यामागे सरकारचा खर्च सुमारे ५१ हजार रुपये येतो.

एका विद्यार्थ्याच्या कर्जावर हेच मांडून पाहू. समजा १० लाखांचे कर्ज आहे, चार वर्षांत दरवर्षी अडीच लाख उचलले आणि व्याजदर सरळ १० टक्के धरला. पहिल्या वर्षी व्याज २५ हजार, दुसऱ्या वर्षी ५० हजार, तिसऱ्या वर्षी ७५ हजार, चौथ्या वर्षी एक लाख आणि सवलतीच्या शेवटच्या वर्षी पुन्हा एक लाख, असे एकूण साडेतीन लाख होते. घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर हे सगळे सरकार भरते. आठ लाखांच्या पट्ट्यातल्या मुलासाठी सरकार १ लाख ५ हजार भरते आणि उरलेले २ लाख ४५ हजार त्याच्या खात्यावर राहतात. पूर्ण माफी आठ लाखांपर्यंत वाढवली असती, तर त्याच विद्यार्थ्यांवरचा खर्च तिपटीहून अधिक झाला असता. पात्रता वाढवताना टक्का कमी ठेवला तो याचसाठी.

दुसरे कुंपण आहे संख्येचे. सुरुवातीच्या ८६० संस्थांत मिळून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी शिकत होते, सवलत मात्र वर्षाला एक लाख नव्या विद्यार्थ्यांना. वरचीच सरासरी धरली, तर आणखी एक लाख विद्यार्थी वाढवायला सुमारे ५१४ कोटी लागतील. तुलनेसाठी आपल्याच राज्याकडे पाहा. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी निम्म्याऐवजी पूर्ण माफ केली, तेव्हा वर्षाचा वाढीव भार ९०६ कोटींचा सांगितला गेला. फीमाफीत पूर्ण रक्कम सरकारच्या खिशातून जाते. कर्जात फक्त व्याजाचा तुकडा जातो आणि मुद्दल विद्यार्थी फेडतो. कर्जाची योजना सरकारला स्वस्त पडते ती यामुळेच, आणि म्हणूनच ही मर्यादा एक लाखावर अडवून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हमीचा खर्च वेगळ्या स्वरूपाचा आहे. तो आज दिसत नाही, कर्ज बुडाले तरच अंगावर येतो. साडेसात लाख पूर्ण थकले तर ७५ टक्क्यांनी ५ लाख ६२ हजार ५०० रुपये हमीतून जातात आणि १ लाख ८७ हजार ५०० रुपयांची झळ बँकेला बसते. चांगल्या क्रमवारीच्या संस्थांपुरती योजना ठेवण्यामागे हा विचार आहे: तिथून बाहेर पडलेल्याला नोकरी मिळण्याची आणि कर्ज फिटण्याची शक्यता जास्त. हिशोब म्हणून तो पटतो. पण तालुक्याच्या गावात, यादीत नसलेल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाची गरज त्यामुळे कमी होत नाही.

कागदपत्रे

उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात करा, कारण बाकी सगळे घरात असते, हा नसतो. तहसीलदारांचा दाखला लागतो. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करता येतो. शेतकरी कुटुंबाने सातबारा आणि तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, नोकरदाराने फॉर्म १६ किंवा आयकर विवरणपत्र जोडावे. दाखला साधारणपणे त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला घेऊन बँकेत गेलात तर परत पाठवतील. जून-जुलैत सेतूसमोर रांगा लागतात. एप्रिल उजाडला की लगेच अर्ज टाका.

याखेरीज विद्यार्थी आणि पालक दोघांचे आधार आणि पॅन, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेश परीक्षेचे गुणपत्रक, प्रवेशपत्र किंवा वाटपपत्र, संस्थेने दिलेला वर्षवार शुल्काचा तक्ता, वसतिगृह आणि मेसच्या खर्चाचे पत्र, बँक पासबुक आणि फोटो. सर्व कागदांवर नाव सारखेच असू द्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरे स्पेलिंग असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. पालक सहकर्जदार असतात, त्यामुळे बँक त्यांचा सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा गुणांकही पाहते. जुने पीक कर्ज थकलेले असेल तर ते लपवू नका, त्याची आजची स्थिती दाखवणारे बँकेचे पत्र सोबत ठेवा.

अर्ज कसा करायचा

पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर नोंदणी करून संस्था आणि अभ्यासक्रम निवडायचा, खर्च भरायचा, कागद अपलोड करायचे आणि बँक निवडायची. सगळ्या बँकांसाठी अर्जाचा नमुना एकच आहे. कर्जाची रक्कम भरताना फक्त फी धरू नका, वसतिगृह आणि पुस्तके सुद्धा धरा. नंतर रक्कम वाढवून घेणे त्रासाचे असते. मंजुरीपत्र हातात आले की व्याजदर, सवलतीचा काळ आणि परतफेडीची मुदत नीट वाचा.

त्यानंतरची पायरी बरेच जण विसरतात: त्याच पोर्टलवर व्याज सवलतीसाठी अर्ज करणे. अर्ज एक लाखाच्या पुढे गेले तर सरकारी संस्थांतल्या आणि तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना आधी घेतले जाते. सवलतीची रक्कम ई-व्हाउचर आणि डिजिटल रुपयाच्या वॉलेटमधून येते. ती कर्जखात्यातल्या व्याजापोटी आहे, खर्चायला नाही. खात्याचा उतारा अधूनमधून काढून सवलत जमा झाली का ते पाहत राहा.

मुलगी असेल, वर सांगितलेल्या गटांत बसत असेल आणि प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश (कॅप) फेरीतून असेल, तर आधी राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर फीमाफीचा अर्ज करा. माफ झालेल्या फीसाठी कर्ज काढण्यात अर्थ नाही. मग फक्त राहण्याजेवणाचा खर्च उरतो आणि कर्ज लागलेच तर ते लहान राहते.

संस्था योजनेच्या यादीत नसेल, पण नॅक किंवा एनबीए या शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या संस्थांची मान्यता असेल, अभ्यासक्रम व्यावसायिक असेल आणि उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर जुन्या व्याज अनुदान योजनेत पूर्ण व्याज माफ होऊ शकते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जाचा मार्ग उरतो. त्यात ४ लाखांपर्यंत तारण मागता येत नाही, आणि फेडताना भरलेल्या व्याजावर जुन्या करप्रणालीत कलम ८०ई खाली आठ वर्षे वजावट मिळते.