पेटीतल्या बाळांचं हृदय

१९८२ साली ब्रिटनमध्ये बालरोगतज्ज्ञ ॲलन लुकास यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कोणतं दूध द्यावं, याचा अभ्यास सुरू केला. पाच ठिकाणच्या ९२६ बाळांपैकी काहींना दात्या मातांचं दूध मिळालं, काहींना डब्यातलं. चिंता होती ती वाढीची आणि मेंदूची. हृदय कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

असणार तरी कसं? मुळात ही बाळं जगणंच कठीण होतं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो, म्हणजे आज फारसं घाबरायचं कारण नाही. तो ३९ तासांत गेला. फुप्फुसं मिटू न देणारं सर्फॅक्टंट अशा बाळांत कमी असतं, हे मेरी एलन ॲव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं, पण उपाय हाती नव्हता. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी यांनी प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड देण्याचा उपयोग १९७२ मध्ये सिद्ध केला. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी सर्फॅक्टंट थेट बाळाच्या श्वासमार्गात सोडलं. मग कुठे पेटीतली, म्हणजे इन्क्युबेटरमधली, बाळं मोठ्या संख्येने घरी जाऊ लागली.

दरम्यान ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडच्या हर्टफर्डशरमधल्या जुन्या जन्मनोंदी धुंडाळल्या. जन्मतः वजन कमी असलेले पुरुष पुढे हृदयविकाराने जास्त प्रमाणात दगावले होते, हे त्यांनी १९८९ मध्ये मांडलं. पण कमी वजन आणि अपुरे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मग अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या हृदयाचं पुढे काय होतं?

उत्तर मिळालं ते दुधाच्या त्या अभ्यासातल्याच मुलांकडून. ऑक्सफर्डमध्ये लेवँडोव्स्की, लीसन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यातल्या १०२ जणांच्या हृदयाचा एमआरआय काढला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. विशी-तिशीतल्या या माणसांच्या हृदयाचे कप्पे आखूड आणि लहान, भिंती जाड, आणि उजव्या बाजूचा फरक जास्त ठळक होता.

कारण समजण्यासारखं आहे. गर्भात हृदयाच्या स्नायुपेशी विभागून वाढतात. जन्माच्या सुमारास ते जवळपास थांबतं, पुढे पेशी फक्त आकाराने वाढतात. वार सुटली की रक्तदाबाचा भार एकदम हृदयावर येतो. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं हृदय तो भार कच्च्या पेशींनिशी पेलतं.

याने घाबरून जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. १९८७ ते २०१२ मध्ये जन्मलेल्या सुमारे २६ लाख स्वीडिश मुलांच्या नोंदींत २८ आठवड्यांआधी जन्मलेल्यांना हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे १७ पट दिसला. पण एकूण रुग्ण होते जेमतेम पाचशे.

शिवाय त्या दुधाची गोष्ट अजून संपलेली नव्हती. आईचं किंवा दात्या मातेचं दूध मिळालेल्यांचा रक्तदाब पौगंडावस्थेत कमी होता, हे २००१ मध्ये आढळलं. २०१६ मध्ये त्यांच्या हृदयाचे कप्पेही पूर्ण दिवसांच्या मुलांच्या अधिक जवळ जाणारे दिसले. मुंबईत डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी शीव रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली, ती १९८९ साली. तिथलं दूध प्यायलेली पहिली बाळं आता पस्तिशी ओलांडून गेली आहेत.