खोबरेल थिजतं, डालडाही थिजतो. म्हणून काही दोन्ही एक होत नाहीत

डिसेंबरात गोव्यात फोंड्याकडे पहाटे गारठा पडला की खोबरेलाच्या बाटलीच्या गळ्याशी पांढरा गोळा बसतो. बाटली उन्हात ठेवली की थोड्या वेळात मोकळी. यंदा ती बघून शेजारच्या काकी म्हणाल्या, "हेच आत जाऊन शिरांत थिजतं. त्यापेक्षा डालडा काय वाईट?" हे इतक्या घरांत ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं आणि आपलं अंग असतं ३७ अंशांवर. शिवाय कुठलंही तेल पोटात गेलं की पचून सुटं होतं. बाटलीतला गोळा जसाच्या तसा शिरेत जात नाही. तेव्हा थिजतं की नाही ही परीक्षाच नव्हे. कशामुळे थिजलं, ते विचारा.

खोबरेल जात्याच थिजणारं. त्यातली जवळजवळ ९० टक्के स्निग्धाम्लं (चरबीचे मूळ घटक) संपृक्त, म्हणजे सरळ साखळ्यांची. त्या एकमेकींना चिकटून बसतात. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलातल्या बहुतेक साखळ्या मध्येच वाकलेल्या, म्हणून ते पातळ राहतं. वनस्पती तूप, म्हणजे डालडा, करताना अशा पातळ तेलात हायड्रोजन घालतात. पुरता घातला तर सगळं संपृक्त होऊन मेणासारखं कडक होतं. पण बेकरीला हवं असतं मऊ, म्हणून प्रक्रिया अर्ध्यावर थांबवायची पद्धत पडली. अशा वेळी काही साखळ्या संपृक्त तर होत नाहीत, पण त्यांचा बाक तेवढा जातो. हेच ट्रान्स फॅट. दूध-तुपात ते नैसर्गिकरीत्या किंचित असतं. घात करतो तो हा कारखान्यातला प्रकार. संपृक्त चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवते. ट्रान्स फॅट ते वाढवतंच, वर चांगलं एचडीएल कमी करतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या उष्मांकांपैकी संपृक्त चरबीला १० टक्क्यांची मर्यादा सांगते आणि ट्रान्स फॅटला फक्त १ टक्क्याची.

पण काकींचं अर्धं बरोबर आहे, आणि "आमचं घाण्याचं खोबरेल, कितीही खा" म्हणणाऱ्यांचा मला तेवढाच राग येतो. घाण्यावर काढल्याने संपृक्त चरबी कमी होत नाही. एका मोठ्या चमच्यात ती साधारण १२ ग्रॅम. दिवसाला २००० उष्मांक खाणाऱ्याची मर्यादा सुमारे २२ ग्रॅम, आणि हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, वाटलेल्या खोबऱ्याचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

"कोलेस्टेरॉल नाही" हे तेलाच्या पिशवीवर वाचून कुणी खूश होऊ नये. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. वनस्पतींच्या तेलात ते जवळपास नसतंच.

"ट्रान्स फॅट शून्य" हे मात्र नीट समजून घ्या. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेलात आणि वनस्पती तुपात कारखान्यातल्या ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ते फार चांगलं झालं. पण खारीचे पापुद्रे सुटायला घट्ट चरबी लागतेच, आणि तिथे बहुधा पामतेल येतं, म्हणजे पुन्हा संपृक्तच. पुडा उलटा करून घटक वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पाम किंवा 'इंटरएस्टरीफाइड व्हेजिटेबल फॅट' (स्निग्धाम्लांची अदलाबदल करून घट्ट केलेली चरबी) पहिल्या दोन-तिनांत दिसलं, तर मी पुडा परत ठेवतो.

आमच्याकडे हुमणाला खोबरेलच, पण चमच्याने मोजून. बांगडा तळायचा तर तव्यावर थोड्या शेंगदाण्याच्या तेलात. चहाबरोबर खारी बंद. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वाजली की पोय (आमचा गोल पाव) घ्यायची.