ब्रश फिरतोय ना? मग हात कशाला फिरवता?

साध्या ब्रशबद्दल नव्यानं सांगण्यासारखं फार नाही. मऊ केसांचा घ्या, हिरडीशी साधारण 45 अंशांत तिरका धरा, जागच्या जागी बारीक हलवा, दोन मिनिटं. कडक केसांचे ब्रश अजून विकले का जातात, हे मला कळलेलं नाही. फरशीच्या फटींसाठी ते उत्तम.

खरा घोळ होतो तो इलेक्ट्रिक ब्रश हातात आल्यावर, आणि त्यात थोडा दोष आपल्या क्रियापदाचा आहे. आपण दात 'घासतो'. साध्या ब्रशला ते एक वेळ चालून जातं, कारण तिथे हलवायचं काम हाताचंच असतं. इलेक्ट्रिकमध्ये ते काम मोटर करते. हाताकडे उरते नुसती हमाली: ब्रश या दातावरून त्या दातावर न्यायचा. तरी लोक चालू ब्रश पुढे-मागे रेटतात. मीही सुरुवातीचे पंधरा दिवस तेच केलं. हिरड्या हुळहुळल्या तेव्हा खापर ब्रशवर फोडलं.

गोल डोक्याचा असेल तर तो एकेका दातावर टेकवायचा, दात आणि हिरडी मिळतात त्या कडेवर दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुढचा दात. बाहेरून, आतून, दाढांवर वरूनही. लांबट डोक्याचा सॉनिक ब्रश मिनिटाला 31,000च्या आसपास हालचाली करतो. तो कडेला तिरका धरून सावकाश सरकवायचा. मुठीत आवळू नका, पेनासारखा बोटांत धरा. जोर दिला की गोल डोकं अडखळतं, मोटरचा आवाज बसतो. म्हणून जास्त दाबल्यावर दिवा लागतो त्या सोयीला जादा पैसे मोजायला माझी हरकत नाही. मोबाइल ॲप आणि पाच-पाच मोड मात्र शुद्ध चोचले.

फरक पडतो का? पडतो. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या 2014च्या आढाव्यात 56 अभ्यास तपासले होते. तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर इलेक्ट्रिकवाल्यांच्या दातांवरचा चिकट थर 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी आढळली. पण दोन दातांमधल्या फटीत दोन्ही ब्रश सारखेच हात टेकतात, आणि दगड झालेलं किटण दाताच्या डॉक्टरांशिवाय निघत नाही. केस फिसकटले की, किंवा तीन-चार महिन्यांनी, साधा ब्रश बदलायचा, इलेक्ट्रिकचं फक्त डोकं.

ज्यांच्या दातांच्या तपासणीत काही निघत नाही, त्यांनी साधा ब्रश खुशाल चालू ठेवावा. बोटं आखडलेली असतील, दातांना तारा असतील किंवा अर्ध्या मिनिटात उरकायची खोड असेल, तर इलेक्ट्रिक घ्या. त्याचा टायमर तुम्हाला दोन मिनिटं उभं ठेवेल. फक्त बटण ब्रश तोंडात गेल्यावर दाबा. आरशावरची पेस्ट पुसायला मोटर नाही.