फवारणी पंपाने ब्रेकची हवा काढताना

जालन्यात मोंढ्याजवळच्या एका गॅरेजमध्ये दोन लिटरचा हातपंप भिंतीला टांगलेला असतो. कुंड्यांवर औषध फवारायला वापरतात तसला. त्याचं नोझल काढून तिथे पारदर्शक नळी लावली आहे. नळीचं दुसरं टोक मास्टर सिलिंडरच्या (पॅडल दाबलं की ब्रेकच्या द्रवावर दाब देणारा भाग) द्रवाच्या डबीच्या जुन्या झाकणाला भोक पाडून घट्ट बसवलं आहे, आणि टाकीवर हवेचा छोटा गेज आहे. एवढ्या सामानावर एकटा माणूस चारही चाकांच्या ब्रेक लाईनमध्ये अडकलेली हवा काढतो.

ही हवा किती छळते, त्याचा हिशोब मांडून पाहा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम. तो मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. ब्रेक त्यावरच चालतात, कारण द्रव जवळजवळ दबतच नाही. हवा मात्र दबते. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर धरा. लाईनमध्ये जेमतेम ३ मिलिलिटर हवा, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडी जास्त, अडकली असेल, तर ती चेपण्यातच पिस्टन सुमारे एक सेंटिमीटर पुढे जातो. पायाखाली पॅडल त्याच्या चौपट सरकतं. चार सेंटिमीटर पाय खाली गेला आणि चाकाला अजून काही कळलेलंच नाही!

बुडबुडा बाहेरूनच यावा लागतो असंही नाही. ब्रेकचा द्रव हवेतली ओल शोषतो. कोरा डॉट ४ दर्जाचा द्रव २३० अंशांच्या आत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे जाताना कुणी सतत ब्रेकवर पाय ठेवला, की कॅलिपर (चाकापाशी ब्रेकपॅड दाबणारा भाग) तापतं, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल मऊ पडतं. खाली चहाला थांबल्यावर ते पुन्हा कडक होतं आणि माणूस ती गोष्ट विसरून जातो. हे विसरणं मला फार धोक्याचं वाटतं.

जुनी रीत दोघांची: एक पॅडल दाबतो, दुसरा चाकापाशी निपल, म्हणजे हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून पुन्हा आवळतो. "दाब... धरून ठेव... आता सोड." मी भाच्याला बसवून हे केलंय. निपल आवळायच्या आत त्याचा पाय उचलला गेला आणि हवा पुन्हा आत शिरली. दुसरा तोटा दिसत नाही: जुन्या गाडीत पॅडल तळापर्यंत गेलं की मास्टर सिलिंडरचा रबरी सील कधी न गेलेल्या, गंजलेल्या भागावर घासतो आणि फाटू शकतो. पंपात पॅडलला हातच लावायचा नाही. वरून सारखा दाब, चाकापाशी निपल सैल, त्याला लावलेल्या दुसऱ्या पारदर्शक नळीतून बुडबुडे जाताना डोळ्यांनी दिसतात. आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, म्हणून मॅन्युअल पाहावं.

दाब किती द्यायचा, इथेच लोक चुकतात. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस हवा भरायला सांगतो. इथे दहा ते पंधरा पीएसआय पुरेत. डबीचं तोंड ६ सेंटिमीटरचं असेल तर पंधरा पीएसआयला झाकणावर आतून सुमारे ३० किलोचा जोर येतो, तीसला ६० किलोचा. प्लॅस्टिकची डबी तडकली तर तो द्रव डोळ्यांत जातो. रंगावर सांडला तर रंग खातो. लगेच भरपूर पाण्याने धुवावं.

आणि शेतातला पंप कधीच वापरू नका, कितीही धुतला तरी. आपण "ब्रेक ऑईल" म्हणतो खरं, पण ते तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत आणि ब्रेकमधलं रबर त्यांनाच जुळणारं असतं. कपाशी-सोयाबीनवरची कित्येक औषधं पेट्रोलियम द्रावकात विरघळवलेली असतात. त्याचा अंश आत गेला की सील फुगतात आणि सगळेच बदलावे लागतात. नवा पंपसुद्धा मी कोरडाच ठेवतो: द्रव डबीत भरायचा, पंपाने फक्त हवेचा दाब द्यायचा. दर थोड्या वेळाने दाब सोडून, झाकण उघडून डबी भरावी लागते, कारण ती रिकामी झाली की सगळी मेहनत वाया. पण पंपाचे वायसर द्रवाला टिकतील की नाही, ही चिंता उरत नाही.

एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) युनिटमध्येच हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर जोडून आतले व्हॉल्व्ह चालवावे लागतात. ते काम घरचं नाही.

सगळी निपलं आवळून झाली, की इंजिन चालू करून पॅडल जोरात दाबा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. सुरुवातीला थोडं खाली येऊन थांबलं तर ठीक. सावकाश खाली जातच राहिलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेलेत. गाडी जागची हलवू नका.