बायस: मोजमापातला आणि यंत्रातला

कोकणातल्या पर्जन्यमापन केंद्रांवर रोज सकाळी साडेआठ वाजता गेल्या चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या साध्या पर्जन्यमापकाचा काठ जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंचीवर असतो आणि नरसाळ्यातून खाली साठलेले पाणी मोजपात्रात ओतून पावसाचा आकडा वाचतात. इतक्या साध्या कामातही दोन निरनिराळ्या जातींच्या चुका शिरू शकतात. त्यांच्यातला फरक नीट समजला, तर ‘बायस’ या इंग्रजी शब्दाचे विज्ञानातले बहुतेक अर्थ उलगडायला सोपे जातात.

पहिली चूक नजरेची. मोजपात्रातली पातळी वाचताना आकडा कधी किंचित जास्त वाचला जातो, कधी किंचित कमी, आणि महिनाभराची बेरीज केली की या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. दुसरी चूक मोजपात्राचीच असू शकते. पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटीमीटर असेल तर १ मिलिमीटर पावसाचे २० मिलिलिटर पाणी जमते, १०० चौरस सेंटीमीटर असेल तर १० मिलिलिटर. म्हणून दोन्हींची मोजपात्रे वेगळी असतात. फुटलेल्या मोजपात्राच्या जागी नजरचुकीने दुसऱ्या मापाचे आले, तर रोजची नोंद सरळ दुप्पट किंवा निम्मी होते. अशा हजार नोंदींची सरासरी काढली तरी काही सुधारत नाही, कारण सगळ्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या असतात. एकाच दिशेला झुकलेल्या या चुकीला संख्याशास्त्रात बायस म्हणतात. माझ्या मते तिचा खरा धोका असा की, नोंदी जितक्या वाढतात तितका चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास वाढत जातो.

मोजपात्र बदलता येते. वारा बदलता येत नाही. वारा पर्जन्यमापकावर आदळला की काठावरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि आत पडू पाहणारे बारीक थेंब पुढे वाहून जातात. इंग्रज वैद्य विल्यम हेबरडन यांनी १७६९ मध्ये लंडनमधले निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यात वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चच्या छतावरच्या पर्जन्यमापकात जमिनीजवळच्या मापकाच्या मानाने सुमारे निम्माच पाऊस भरला होता. याचे कारण वारा आहे हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले. ही चूक कधीच उलट दिशेने होत नाही. वारा पाऊस उडवून नेतो, वाढवून देत नाही. मोसमी वाऱ्याच्या तोंडावर असलेल्या किनाऱ्यावर हे विशेष लक्षात ठेवायला हवे. म्हणून मापकाचा काठ जमिनीच्या पातळीला येईल असा खड्डा करून तुलनेसाठी दुसरा मापक बसवतात आणि दोन्हींतल्या फरकावरून दुरुस्ती ठरवतात. आसरा हवा म्हणून मापक माडांच्या शेजारी ठेवणेही बरोबर नाही. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर ठेवावे असा संकेत आहे.

मात्र दोन नोंदींत तफावत दिसली म्हणजे बायस सापडला असे नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही आकडे बरोबर होते. पाऊसच तसा पडला होता. बायस शिरतो तो जागांच्या निवडीत. कोकणात किनाऱ्याकडून सह्याद्रीकडे जाताना पाऊस वाढत जातो आणि आंबोलीसारख्या ठिकाणी तो वेंगुर्ल्याच्या दुपटीहून अधिक असतो. पोहोचायला सोयीच्या म्हणून सगळे मापक किनाऱ्यालगतच्या गावांत ठेवले, तर प्रत्येक मापक निर्दोष असूनही जिल्ह्याची सरासरी खऱ्यापेक्षा कमी येईल.

समुद्राच्या बाबतीत हा प्रश्न आणखी अवघड होतो, कारण पाण्याखाली किती मासे आहेत ते कोणालाच दिसत नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था बंदरांची आणि दिवसांची नमुना-निवड करून उतरलेल्या मासळीचा अंदाज बांधते, आणि ही निवड यादृच्छिक असावी लागते ती बायस टाळण्यासाठीच. मात्र बंदरात येते ती जाळ्याच्या आसातून (छिद्रांतून) न निसटलेली आणि वाटेत फेकून न दिलेली मासळी. शिवाय मच्छीमार समुद्रात कुठेही जाळे टाकत नाही. जिथे थवा असतो तिथेच तो जातो. तारली किंवा बांगडा थव्याने राहतात, त्यामुळे एकूण साठा घटत असतानाही उरलेल्या थव्यांवर जाळे टाकणाऱ्या नौकेला प्रत्येक फेरीत भरपूर मासळी मिळत राहते. फेरीमागच्या मासळीवरून साठा ठरवला, तर तो नेहमी प्रत्यक्षाहून मोठाच भासणार. कॅनडाने १९९२ मध्ये न्यूफाउंडलंडजवळची कॉड मासेमारी बंद केली, तोवर साठा जवळजवळ संपला होता, आणि व्यापारी नौकांच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवणे हे त्या फसलेल्या अंदाजांमागचे एक कारण होते. मासेमारीचे नियम ज्या अंदाजांवर आखले जातात, त्यांतला कल कोणत्या बाजूचा आहे हे विचारण्याचा कोकणातल्या प्रत्येक मच्छीमाराला अधिकार आहे असे मला वाटते.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र बायस ही चूक नसते. तो मुद्दाम द्यावा लागतो. रेडिओत क्षीण संदेश वाढवणाऱ्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या टोकांमध्ये सुमारे ०.६ व्होल्ट दाब असल्याखेरीज त्यातून नाव घेण्याजोगा प्रवाह वाहत नाही. ॲन्टेनाकडून येणारा संदेश याच्या मानाने फारच क्षीण असतो, काही मिलिव्होल्टचा किंवा त्याहूनही कमी. तो तसाच दिला तर ट्रान्झिस्टर हलणारच नाही. म्हणून दोन रोधांच्या (रेझिस्टरच्या) साहाय्याने बेसला आधीच एक ठरावीक दाब देऊन ठेवतात आणि संदेशाची लाट त्या दाबावर स्वार होते. मग लाटेचा वरचा आणि खालचा, असे दोन्ही भाग सारखेच वाढून बाहेर पडतात. दाब कमी पडला तर लाटेची एक बाजू कापली जाते आणि आवाज फाटतो. हा दाबही कायम बरोबर राहत नाही, कारण तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की तेवढ्याच प्रवाहासाठी लागणारा दाब सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या संचात प्रवाह आपोआप वाढत जाऊ नये, यासाठी एमिटरला आणखी एक रोध जोडून त्याला आवर घालतात. जुन्या कॅसेटवरच्या ‘हाय बायस’ या शब्दांमागेही असेच तत्त्व आहे: टेपवरचे चुंबकीय कण क्षीण संदेशाला प्रमाणात दाद देत नाहीत, म्हणून ध्वनिमुद्रण करताना कानाला ऐकू न येणारी उच्च वारंवारता त्यात मिसळतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेत हे दोन्ही अर्थ एकाच यंत्रात नांदतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. तयार हापूसची घनता पाण्याहून किंचित जास्त असते, त्यामुळे तो पाण्यात बुडतो, तर कोवळा तरंगतो. ही निवड एका कृत्रिम चेतापेशीला, म्हणजे आकडे घेऊन त्यांवरून उत्तर काढणाऱ्या यंत्रातल्या छोट्या गणिती घटकाला, शिकवायची आहे असे समजू. तिला आंब्याची घनता दिली आणि उत्तर शून्याहून मोठे आले तर आंबा ‘तयार’ असा नियम केला, तर ती प्रत्येक आंब्याला तयार म्हणेल, कारण घनता कधीच शून्याखाली जात नाही. घनतेतून १, म्हणजे पाण्याची घनता (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर), वजा केला की निवड बरोबर होते. ही वजा १ ही संख्या म्हणजे त्या पेशीचा बायस, आणि शिकण्याच्या ओघात यंत्र ती स्वतःच शोधून काढते.

दुसरा अर्थ शिकवणुकीतल्या नमुन्यांचा. आंब्यांची प्रतवारी करणाऱ्या कॅमेऱ्याला समजा फक्त मार्चमधल्या पहिल्या तोड्याच्या डागविरहित फळांचे फोटो दाखवले, तर मे महिन्यात पावसाचे शिंतोडे पडून डागाळलेला पण आतून उत्तम आंबा तो बाद करील. त्याच्या पेशींमधल्या बायसच्या संख्या त्याच फोटोंवर कितीही वेळा नव्याने जुळवल्या, तरी हा दुसरा कल जाणार नाही. त्यासाठी हंगामाच्या अखेरचे आंबेही शिकवणुकीत घ्यावे लागतील, आणि कोणता आंबा खरोखर खराब निघाला हे कापून पाहून यंत्राला सांगावे लागेल.